चारचौघांत आपलं असं दिसायचंय? कापड, शिंपी आणि एक खूण

ऑफिसातल्या गणपतीच्या आरतीला आम्ही तिघीजणी एकाच कुर्त्यात उभ्या होतो. रंग तोच, गळ्याभोवतीची वेल तीच, बाहीवरची लाकडी बटणंही तीच. तिघींनीही तो आपापल्या आवडीनं, चार दुकानं पालथी घालून घेतला होता. मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात काही उथळपणा होता असं मला आजही वाटत नाही. एकेकाळी पागोटं कसं बांधलंय त्यावरून माणूस कुठला, काय करणारा, हे लांबूनच कळायचं. तेव्हा ती खूण समाज ठरवायचा. आज ती ठरवायची मुभा आपल्याला आहे, आणि आपण मात्र दुकानदारानं टांगलेलं मुकाट्यानं घालतो.

गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०४ साली फॅशनवर एक निबंध लिहिला. माणसाला चारचौघांसारखंही असायचं असतं आणि त्यांच्याहून निराळंही, आणि फॅशन या दोन्ही ओढींवर जगते, असं त्याचं म्हणणं. मला हे फार पटतं. विचित्र दिसणं सोपं आहे, पण ते कुणालाच नको असतं. चौघांत बसावं आणि तरी ओळखू यावं, हे हवं असतं.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. आजवर सगळं तयारच घेतलं, शिंप्याकडे गेलात ते फक्त पँटची उंची कमी करायला, अशांसाठी. बायकांसाठी तसाच पुरुषांसाठीही. मला कळलेली गोष्ट एकच आहे: वेगळेपण टांगलेलं मिळत नाही. कापड ओळखता येणं, माप नेमकं बसणं आणि एक खूण धरून ठेवणं, या तिन्हींतून ते वर्षभरात हळूहळू तयार होतं.

आधी कपाट उपसा

एका रविवारी सगळे कपडे पलंगावर काढा आणि तीन ढीग करा. पहिला, घातला की कुणीतरी हमखास 'कुठून घेतलास?' विचारतं अशांचा. दुसरा, घातल्यावर अंगावर आहे हेच विसरायला होतं अशांचा. तिसरा, सेल होता, मैत्रिणीनं घेतला, म्हणून आपणही घेतला अशांचा. तिसरा ढीग बोहारणीला द्या किंवा ज्याला उपयोगी पडेल त्याला द्या, पण परत कपाटात कोंबू नका.

पहिल्या दोन ढिगांत जे कपडे दोन्हीकडे बसतील ते बाजूला काढा. फार तर चार-पाच निघतील. ते नीट बघा. गळा कसा आहे? उंची कुठवर? बाही कुठं संपते? रंग मातकट की झळझळीत? माझ्या ढिगात पाच कपडे निघाले आणि त्यातल्या चारांच्या बाह्या कोपराखाली चार बोटांवर संपत होत्या. ही गोष्ट मला तोवर माहीतच नव्हती. पुढं शिंप्याला सांगायला हीच माहिती लागते, म्हणून वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर दोन आठवडे रोज घराबाहेर पडण्याआधी आरशासमोर एक फोटो काढा. कुणाला पाठवायचा नाही, कुठं टाकायचा नाही. चौदा फोटो एकदम बघितले की आपल्याला काय शोभतं ते डोळ्यांना आपोआप दिसतं.

एकच खूण निवडा

चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, १९१५ सालचा. पुढं जगभर फिरले, मोठमोठ्या ठिकाणी वावरले, ते अनवाणी पायांनी. त्यांची खूण म्हणजे एक वस्तू अंगावर नसणं. गायिका उषा उथुप यांचं बघा. भरजरी कांजीवरम, केसांत फुलं, कपाळावर मोठी ठसठशीत टिकली. अर्धशतक त्या अशाच रंगमंचावर येताहेत. यातली एकही वस्तू दुर्मीळ नाही. ती सातत्यानं त्यांच्यासोबत राहिली म्हणून ती त्यांची झाली.

तेव्हा खूण एकच घ्या आणि सहा महिने सोडू नका. ती बाहीच्या टोकाचा खणाचा गोट असू शकते, कानावरची एकच बुगडी, नेहमी बंद गळा, नेहमी पांढरा सदरा आणि त्यावर वेगवेगळ्या हातमागाच्या बंड्या. पुरुषांना मी शर्टाच्या कॉलरच्या आतली पट्टी सुचवते. वरचं बटण उघडं ठेवलं की तेवढीच दिसते. खूण निवडताना आपला दिवस कसा जातो ते बघा. स्कूटरवर जाणाऱ्यानं लांब उपरण्याच्या नादी लागू नये. चाकात अडकलं तर जिवावर बेतेल. प्रयोगशाळेत किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांनी लोंबणारं काहीच नको.

मी सुरुवातीला चूक केली ती सगळं एकदम घालण्याची. चुलत बहिणीच्या साखरपुड्याला इरकली जॅकेट, मोठी नथ, कोल्हापुरी साज आणि खांद्याला घोंगडीची पिशवी. प्रत्येक वस्तू सुंदर होती. पण संध्याकाळभर माझे हात त्या सावरण्यातच गेले आणि लोक माझ्याशी कमी, नथीशी जास्त बोलले. त्यानंतर मी एकाच खुणेवर आले.

कापड ओळखायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

आपल्या आसपास काय आहे ते आधी माहीत करून घ्या. खण येतो मुख्यतः बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड या गावाहून. जुना हातमागाचा खण अरुंद पन्ह्याचा, म्हणजे कमी रुंदीचा असतो, चोळीपुरता. म्हणून त्याचा अख्खा कुर्ता शिवायचा तर जोड द्यावे लागतात. दुकानात मोठ्या पन्ह्याचा, झगझगीत आणि फार स्वस्त खण दिसला तर तो यंत्रमागाचा, बहुधा पॉलिस्टर मिसळलेला. तो वाईट असं नाही, पण मे महिन्यात अंगाला चिकटतो. त्याच जिल्ह्यातलं इलकल म्हणजे आपलं इरकल. विदर्भात टसर रेशमाची करवतकाठी साडी, तिच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. छत्रपती संभाजीनगरचं हिमरू, सुती आणि रेशमी धाग्यांचं, थंडीतल्या बंडीला छान. गोव्याची कुणबी साडी, तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची, जी गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांसमोर आणली. आणि दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी. ती टोचते, म्हणून अंगालगत नको. अस्तर लावून जॅकेट करा, आणि तेही देशावरच्या थंडीसाठी. मुंबईच्या दमट हवेत ते सोसणार नाही.

दुकानात कापड हातात घेतलं की दाराशी उजेडात न्या. दिव्याखालचा रंग आणि उन्हातला रंग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, मरून आणि जांभळ्यात तर हमखास फसायला होतं. मुठीत घट्ट चुरगळून सोडा आणि सुरकुत्या किती राहतात ते बघा. शुद्ध सुती कापड चुरगळतंच, त्याला घाबरू नका. मग पन्हा विचारा. गुडघ्यापर्यंतच्या, पूर्ण बाहीच्या कुर्त्याला ४४ इंची पन्ह्यात साधारण अडीच मीटर लागतं, ३६ इंचीत तीनच्या आसपास. आडव्या चौकड्या किंवा एकाच दिशेची नक्षी असेल तर थोडं जास्त घ्या, नाहीतर शिवणीवर नक्षी जुळत नाही.

दुकानदार 'प्युअर आहे ताई' म्हणाला तरी घरी आणल्यावर कडेचा एक धागा काढून जाळून बघा. चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ आणि करडी. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. ही एक परीक्षा मला कुठल्याही दुकानदारापेक्षा जास्त शिकवून गेली. मोठी खरेदी असेल तर आधी थोडंसंच कापड घ्या आणि मग ठरवा.

रंग जातो का ते बघायला पांढरं फडकं ओलं करून कापडाच्या कोपऱ्यावर घासा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, त्यावर विसंबू नका. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुढंही वेगळंच धुवायचं आणि पांढऱ्याला जोडून कधी शिवायचं नाही.

आणि सुती कापड शिवायच्या आधी भिजवायचंच. रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी न पिळता सावलीत वाळवायचं, मग इस्त्री. माझा पहिला शिवलेला कुर्ता मी न भिजवता दिला होता. निळा, जाडसर, मला अतिशय आवडलेला. पहिल्या धुण्यानंतर बाह्या दोन बोटं वर गेल्या आणि छातीवर बटणं ताणली. तो मी धाकट्या भाचीला दिला. रेशमी आणि टसरचं कापड मात्र असं पाण्यात बुडवू नका, ते ड्रायक्लीनिंगलाच द्यावं.

खरेदीला मुंबईकरांना मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता, पुणेकरांना रविवार पेठ आणि लक्ष्मी रोड. शनिवार-रविवार टाळा. आठवड्यातल्या सकाळी दुकानदाराला ठाण उलगडून दाखवायला सवड असते. अशा वेळी माल कुठून येतो, कुणी विणला, असं विचारलं की बरेचजण आवडीनं सांगतात.

शिंपी शोधा आणि त्याची भाषा शिका

चांगला शिंपी ओळखायचा तो कपड्याच्या आतल्या बाजूवरून. त्याच्या दुकानात तयार टांगलेला एखादा कपडा उलटा करून बघायची परवानगी मागा. शिवणी सरळ आहेत का, कडा ओव्हरलॉक केल्यात की दोरे लोंबताहेत, काज हातानं नीट भरलंय का, चौकड्यांचं कापड असेल तर बाजूच्या शिवणीवर रेघा जुळल्यात का. एवढं बघितलं की पाटी किती मोठी आहे ते बघायची गरज उरत नाही.

पहिल्यांदा जाताना पहिल्या दोन ढिगांतला सगळ्यात छान बसणारा कपडा सोबत न्या. मापापेक्षा नमुना जास्त बोलतो. आणि काही शब्द पाठ करून जा. पन्हा झालाच. मुंढा म्हणजे बाही जिथं अंगाला जोडते तो घेर. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. जाड झालात तर त्यातूनच कपडा वाढवता येतो. अस्तर, गोट, चुणी, काज हे तर ओळखीचे असतील.

यात मुंढ्याकडे जास्त लक्ष द्या. लोकलमध्ये वरचा दांडा धरला की अख्खा कुर्ता वर ओढला जातो आणि कंबर उघडी पडते, ते मुंढा फार खाली घेतल्यामुळे. तयार कपड्यांत तो ढगळच असतो, कारण एकाच मापात अनेक अंगं बसवायची असतात. मी आता माप देताना दुकानातच हात वर करून दाखवते. आमचे टेलरकाका पहिल्यांदा गोंधळले, मग टेप बगलेत थोडा वर घेऊन म्हणाले, "ताई, मग अर्धा इंच वर घेऊ. बसताना थोडं घट्ट वाटेल, पण उचलणार नाही." त्या अर्ध्या इंचानं माझे सगळे कुर्ते बदलले. चारचौघांत आपला कपडा आपल्याचसाठी शिवलाय हे लोकांना कळतं ते अशाच जागी. नेमकं काय ते त्यांना सांगता येत नाही, पण डोळ्यांना जाणवतं.

भारी कापड असेल तर आधी मांजरपाटावर शिवून घ्या. मांजरपाट म्हणजे न धुतलेलं, खरखरीत, स्वस्त सुती कापड. त्यावर शिवलेला कुर्ता घालून घरात दिवसभर वावरा, खाली बसा, पोळ्या लाटा, चपला घालायला वाका. जिथं ओढतो तिथं खडूनं खूण करा आणि तसाच परत न्या. शिंपी वेगळे पैसे घेईल, ते द्या. आजीचं लुगडं चुकीचं कापलं गेलं तर ते पैशांनी परत मिळत नाही. मांजरपाट नको असेल तर निदान कच्चे टाके घालून ट्रायल द्यायला सांगा.

एका वेळी एकच कपडा शिवायला टाका. तो घालून, दोनदा धुऊन मग दुसरा. आणि दिवाळीच्या तोंडावर किंवा ऐन लग्नसराईत नवं काही करून बघायला जाऊ नका. तेव्हा त्याच्याकडे ढीग साचलेला असतो आणि तुमच्या बंद गळ्याचा विचार करायला त्याच्या डोक्यात जागा नसते.

घरातलं जुनं

तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाकडेच नसेल असं कापड हवं असेल तर ते बहुतेक घरातल्याच ट्रंकेत आहे. माझ्याकडे आजीचं इरकली लुगडं आलं, काळसर निळं, तांबड्या पदराचं. पदर आणि अंग जिथं जुळतं तिथं भिंग घेऊन बघा. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती, पदराचा रेशमी, आणि विणकरानं एकेक धाग्याला फास देऊन ते एकमेकांत ओवलेले असतात. शेकडो फास, एका रेषेत. त्याला टोपे तेनी म्हणतात. ती रेषा बघितल्यावर मी त्यावर कात्री चालवायचं धाडस केलं नाही. पदर तसाच ठेवला आणि अंगाच्या कापडाचं जॅकेट शिवलं. नऊवारी लुगड्यात सव्वाआठ मीटर कापड असतं, त्यामुळे पदर राखूनही पुरून उरलं.

कापायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, घरात विचारा. आई, मावशी, काकू यांच्यापैकी कुणाचा त्या कापडात जीव अडकलेला असतो आणि तो आपल्याला माहीत नसतो. दोन, कापड उजेडासमोर धरून घड्यांच्या जागा तपासा. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं रेशीम त्या रेषेवर विरतं आणि शिवल्यावर तिथंच फाटतं. असा भाग वगळून बेतायचा. हातमागाची धड पैठणी मात्र कृपा करून कापू नका. तिला साडी म्हणूनच नेसा, हवं तर निराळ्या पद्धतीनं.

पाय आणि दागिने

हे थोडक्यात. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते. तेल लावून घरातच रोज थोडा वेळ घाला, आठवड्यात पायाची होते. पावसाळ्यात बाहेर काढू नका. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तशीच चप्पल कारागिरांचा उल्लेख न करता दाखवली आणि इथं गदारोळ झाला, तेव्हा कुठं प्रेरणा भारतीय असल्याचं कंपनीनं मान्य केलं. मला त्यातून एक सवय लागली. माझं कापड, चप्पल, दागिना याबद्दल कुणी विचारलं की मी गावाचं आणि हस्तकलेचं नाव सांगते. नाव सांगता येत नसेल तर आधी शोधते. कुणबी साडी, घोंगडी ही ज्यांची रोजची वस्त्रं होती, त्यांच्याबाबतीत तर हे सांगणं मी आपलं कर्तव्यच मानते.

नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ मिळते. ती आधी घरी दोन तास घालून बघा. आणि एका वेळी एकच उठून दिसणारा दागिना, बाकीचं साधं.

घराबाहेर पडताना

पहिल्या दिवशी लोक बघतील. नातेवाइकांमध्ये कुणीतरी 'हे काय नवीन?' म्हणेल. खरं सांगते, पहिल्या दिवशी माझ्याही पोटात गोळा आला होता. म्हणून सुरुवात ओळखीच्या, लहानशा जागी करा: भाजी आणायला जाताना, मैत्रिणीकडे, वाचनालयात. ऑफिसात तिसऱ्या-चौथ्या वेळी. मुलाखतीला, परीक्षेला किंवा दुःखाच्या प्रसंगी नवं काही पहिल्यांदा घालू नका. तिथं मन आधीच दुसरीकडे असतं. गणवेश असलेल्या नोकरीत असाल तर खूण लहान ठेवा, घड्याळाचा पट्टा, रुमालाचा काठ, केसांतली पिन. नियम मोडायचीही गरज पडत नाही.

शिंप्याकडून कपडा आणताना उरलेले तुकडे मागून घ्या, अगदी बोटभर चिंधीसुद्धा. ते एका पुडीत बांधून त्यावर तारीख आणि कापड कुठून घेतलं ते लिहा. तीन वर्षांनी कोपर विरेल किंवा गोट झिजेल तेव्हा तोच रंग, तोच धागा बाजारात मिळणार नाही. माझ्या निळ्या इरकली जॅकेटची बाही गेल्या पावसाळ्यात खुंटीला अडकून फाटली, आणि आजीच्या लुगड्याचा राखून ठेवलेला तळहाताएवढा तुकडा तिथं बसला.